पहिलं पानी कोनाचं

माझं माहेर दिंडोरीकडचं. खेडंच म्हना, चार घरं सोडली तर सगळे द्राक्षाच्या बागेत मजुरीला जानारे. आमचे वडील फवारनीला जायचे. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आन संध्याकाळी घरी यायचे तवा सदरा निळा-हिरवा झालेला, मोरचुदाचा आन कसल्या कसल्या औषधाचा वास, नाकात गेला की डोकं दुखायचं. आई त्यांना तसं घरात येऊच द्यायची नाय. गोठ्यामागं कपडे काढा, तिथंच आंघोळ करा, मंग आत. आन ते कपडे ती काठीनं उचलायची, खरं सांगते, हात नाय लावायची. आमा लेकरांचं धुनं झालं, तिचं लुगडं झालं, घरातलं सगळं झालं की मंग येगळ्या घमेल्यात तो सदरा. वडील घरातले कर्ते, तिनं कधी त्यांना उलटून बोललेलं मला आठवत नाय, पन म्हनून त्यांचा सदरा पहिला आसं काय नव्हतं. ज्याची घान जास्त त्याचा कपडा शेवटी. मला वाटायचं सगळ्या जगात आसंच आसतं. इतकी साधी गोष्ट हाय, त्यात शिकवायचं काय. पन लगीन करून नाशिकला आले आन ताई, काय सांगू तुमाला.

सासर द्वारकेच्या मागच्या आंगाला. दोन खोल्या, मागं मोरी, मोरीला लागून बोळ. सासरे सरकारी हापिसात शिपाई व्हते, नंतर घरीच बसलेले. त्यांना आमी मामंजी म्हनायचो. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, कायम कडक. सासूला आत्याबाई. माझ्या पोरीचे, वैशूचे पप्पा, म्हंजे आमचे हे, सातपूरला कंपनीत. आन धाकटा दीर बापू, तो द्वारकेला ट्रकच्या गॅरेजमधी. तुमी द्वारकेवरून कधी गेल्या आसाल ना, ट्रक लागलेले आसतात, खाली मान्सं झोपून काम करतात, तसलं काम त्याचं. त्याच्या प्यान्टी उभ्या केल्या तर उभ्या राहतील इतकं आईल आन ग्रीस. आत्याबाई पयल्या गंगेवर, म्हंजे आमच्या गोदावरीवर, धुनं घेऊन जायच्या. तिथं पानी वाहतं, तिथं कोनाचं आधी आन कोनाचं मागं, काय फरक पडत नाय. पन त्यांनी नियम लावलेला, मामंजींचे कपडे पहिले, मंग दोघा लेकांचे, मंग त्यांचे, मंग सुनेचे. मी म्हनलं आसंल बाई, आपल्याला काय करायचं, पानी तर वाहतंय.

वैशू झाली, ती चालायला लागली आन ह्यांची कंपनी बंद पडली. मंग मी कामाला निघाले. नाशिकरोडच्या बाजूला एक मोठा खाजगी दवाखाना हाय, नाव नाय घेत, आजून तिथंच खाते, तिथं धुलाईत लागले. धुलाई म्हंजे तळघरात मोठ्या मशिनी. पयल्या दिवशी आत गेले आन बाहेर येऊन ओकले. रक्ताच्या चादरी, पुवाच्या पट्ट्या चिकटलेल्या, बाळंतपनाच्या टेबलावरची कापडं, लघवीनं कडक झालेल्या गाद्यांच्या खोळी. शी शी शी. वाटलं आपल्याच्यानं व्हायचं नाय. आमच्यावर एक शिंदेभाऊ व्हते, म्हातारे, तोंडाचे फाटके. ते म्हनले, ओकून झालं का, आता हातमोजे घाल. त्यांनीच शिकवलं सगळं. चादर गोळा करून टाकायची नाय, झटकून, मोकळी करून टाकायची, आत सुई राहते, कापूस राहतो. रक्ताचं आधी गार पान्यात, गरम पान्यात टाकलं की डाग जलमभर जात नाय. जास्त घान येगळी, कमी घान येगळी. आन ड्रम गच्च भरायचा नाय. वरती हात फिरंल एवढी जागा राह्यली पाह्यजे, कपडा उचलून पडला पाह्यजे, तो पडतो म्हनून धुतला जातो. कोनी गच्च भरलं की ते ओरडायचे, मशीन हाय का लोनच्याची बरनी. आन प्रत्येक खेपेला नवं पानी. मला तवा लय भारी वाटायचं, की बाबा एवढी घान, पन बाहेर निघते तवा कशी पांढरी, वास म्हनून नाय. माझी त्या कामाची किळस तिथंच संपली. खरी किळस तर घरी सुरू व्हायची व्हती.

बापूचं लगीन झालं, सुरेखा आली, आन तिच्या बापानं लग्नात कपडे धुवायची मशीन दिली. दोन डब्यांची, एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. आख्ख्या बोळात पयली मशीन. हळदीकुंकू लावलं तिला, हार घातला, आळीतल्या बाया बघायला आल्या. आत्याबाई मशिनीशेजारी पाट टाकून बसल्या, त्या दिवसापासून ती जागा त्यांची. बटन त्याच फिरवनार, पावडर त्याच टाकनार. नळाला पानी सकाळी तासभर, तेवढ्यात सगळं उरकायचं, म्हनून मशिनीत एकदाच पानी भरायचं आन एकाच साबनाच्या पान्यात सगळं घर धुवायचं. तिथपर्यंत माझं म्हननं नाय, पान्याची टंचाई सगळ्यांनाच. लोकं करतात तसं, आधी पांढरे, मंग रंगीत, शेवटी पायपुसनी. पन आमच्या घरात तसं नव्हतं. आमच्या घरात गंगेचा नियम मशिनीत आला.

ऐका आता. पहिलं पानी मामंजींचं. पांढरा पायजमा, सदरा, टोपी. ठीक. त्याच्याबरोबर सुरेखाच्या बाळाची दुपटी. तिला वर्षात मुलगा झाला ना, तर त्याची दुपटी आजोबांच्या पायजम्याबरोबर. ती आधी दुसऱ्या पान्यातून काढायची तर सोडाच, हगलेलं दुपटं नुसतं मोरीत झटकायचं आन आत. मी म्हनलं, आत्याबाई, आवो शी हाय ती. तर म्हनतात, लेकराची शी ती, देवाचं लेकरू, त्याचा कसला आलाय विटाळ. बरं. मामंजी आंघोळ करून तोच सदरा घालून देवाला बसायचे. थू! मंग दुसऱ्या खेपेला, त्याच पान्यात, घरातले कर्ते पुरुष. म्हंजे बापूच्या त्या आईलाच्या प्यान्टी. का तर पुरुषांचे कपडे बायकांच्या मागून धुवायचे नाय. पानी काळं व्हायचं, वर आईलाचा तवंग, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसायचे त्याच्यावर. मंग त्यात आत्याबाईंची लुगडी. मंग सुरेखाच्या साड्या, मशीन तिच्या माहेरची म्हनून माझ्या आधी तिच्या. आन सगळ्यात शेवटी, त्या गटारात, माझ्या साड्या, वैशूचे फ्रॉक, तिच्या चड्ड्या, तिची शाळेची पांढरी बंडी, आन त्याच्याबरोबर पायपुसनी आन फरशीचं फडकं. एकत्र! मुडदा बशिवला त्या नियमाचा. चार-पाच वर्षांची पोर, आन तिचा फ्रॉक पायपुसन्यात.

आन भरायची रीत तर बघवत नव्हती. पानी जाईल, पानी जाईल म्हनून आत्याबाई दोन्ही हातांनी दाबून दाबून भरायच्या, वरून बुक्क्या मारायच्या, पोत्यात कापूस भरतात तसं. खालचा पंखा नुसता घुरघुर करायचा, कपडे जागचे हालायचे नाय. बाहेर काढलं की आतल्या कपड्याची घडी तशीच, मधी हात घातला तर कोरडा. मी शप्पथ घेऊन सांगते, कोरडा. वरून काळं, आतून कोरडं, आन घडीघडीत पावडरीच्या गुठळ्या. मंग खळबळायचं पानी तरी नवं आसावं ना? नाय. एक बादली, त्यात सगळ्यांचं बुचकळून काढायचं, त्याच नंबरानं. माझी येळ यायची तवा त्या बादलीत फेस आन आईल आन काय काय. मी दिवसभर परक्या मानसांच्या चादरी नव्या नव्या पान्यातून काढून येते, कोन कुठला पेशंट, त्याचं नाव म्हाईत नाय, त्याच्यासाठी गरम पानी, गार पानी, पुन्हा पानी. आन माझ्या पोटच्या पोरीला हे. बसमधी बसले की मला हेच डोक्यात यायचं, इतका संताप यायचा की शेजारची बाई इचारायची, काय झालं हो.

एवढ्यानं भागलं आसतं तरी चाललं आसतं. वाळत घालायची पन तऱ्हा. पुरुषांचे कपडे गच्चीत, उन्हात. बायकांचे आतले कपडे चारचौघांत दिसता कामा नये, म्हनून बोळातल्या दोरीवर, त्याच्यावर टावेल, टावेलावर लुगडं. उनाचं तोंड नाय बघितलं कधी त्या कपड्यांनी. पावसाळ्यात तर बुरशी यायची, काळे ठिपके. माझ्या पोरीच्या चड्ड्या पन तिथंच, ती एवढीशी, तिचं कोन काय बघनार हाय. पन नाय, पोरीची जात, सवय लागली पाह्यजे.

वैशूला खाज सुटली. पयलं कमरेला, जिथं इलॅस्टिक बसतं तिथं. मंग काखेत, मंग पाठभर. लाल लाल पुळ्या, त्यातून पानी यायचं, ती झोपेत खाजवायची आन चादरीला रक्त. आत्याबाई म्हनल्या उष्णता हाय, सब्जा द्या. सब्जा दिला. कडूलिंबाच्या पाल्यानं आंघोळी घातल्या. तरी वाढतंच चाललं. मंग म्हनतात, आमच्या घरान्यात कोनाला नाय आसलं, ही तुझ्या माहेरची कातडी. माझ्या माहेरची कातडी! माझ्या माहेरी वडील इख अंगावर घेऊन यायचे आन आमाला कधी एक फोड आला नाय. आन वैशू शाळेतून रडत आली एक दिवस. पोरी तिच्या बाकावर बसत नव्हत्या, म्हने तिच्या बंडीला वास येतो. मी बंडी नाकाला लावली. आंबट, आईलचट, ओलसर वास. रोज घरात आसल्यानं मलाच कळत नव्हता ताई. मला इतकी घान वाटली, तिची नाय, आमच्या घराची.

दवाखान्यात घेऊन गेले तिला. कातडीच्या डॉक्टर मॅडम येतात तिथं, शिंदेभाऊंनी सांगितलं म्हनून बघितलं त्यांनी. तिला उघडं केलं, पाठ बघितली, आन मला काय इचारलं, तर कपडे कसे धुता. मी काय सांगू? मी धुलाईतली बाई, मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं आसं झालं. सांगितलं सगळं खरं. त्यांनी तोंड वाकडं केलं, आपन शेनात पाय पडल्यावर करतो ना तसं. मंग म्हनल्या, मलम देते, पन मलमानं काय व्हनार नाय. साबन आन तेल कपड्यात राहतं, ओले कपडे अंगावर राहतात, ते बंद करा. हिचे कपडे येगळे, स्वच्छ पान्यात, उन्हात वाळवलेले. नाय तर हे चिघळंल, डाग राहतील, पोरीची जात हाय. बघा, त्यांच्या तोंडून पन पोरीची जात आलंच, पन त्यांच्या म्हनन्यात माया व्हती.

घरी येऊन मी नीट सांगितलं, भांडन नाय केलं. आत्याबाई, डॉक्टरांनी सांगितलंय, वैशूचे तेवढे पहिल्या पान्यात काढू, इवलेसे तर कपडे हायेत. आत्याबाई माझ्याकडं आशा बघायला लागल्या जसं मी मामंजींच्या ताटात हात घातला. म्हनतात, म्हाताऱ्या मानसाच्या आधी पोरीचं चड्डी-परकर? त्या पान्यात त्यांचा सदरा? मी म्हनलं, बरं, मंग मी तिचे हातानं धुते, येगळे. तर म्हनतात, धू की. पानी येगळं कर, साबन येगळा कर, मंग चूल पन येगळी कर, एकदाच बोळात हंडा ठेवून सांग सगळ्यांना की आमी येगळे निघालो. म्हंजे आमच्याकडं, ताई, येगळं धुनं म्हंजे येगळं निघनं. बाई रागानं माहेरी गेली तरी लोकं समजून घेतात, पन एका घरात राहून आपलं धुनं येगळं काढलं की तिनं घर फोडलं. ह्यांना सांगितलं. हे म्हनले, आईला कोन सांगनार, जाऊ दे, मलम लाव. मलम लाव! कंपनी बंद पडल्यापासून हे तसेच झाले व्हते, कशातच पडायचं नाय.

मंग मी पहाटे उठून, नळ यायच्या आधी, पिपातल्या पान्यात तिचे दोन फ्रॉक, बंडी, चड्ड्या धुवून गच्चीत टाकून डूटीला जायला लागले. चारच दिवस झाले आसतील, पुळ्या सुकायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं. आन एक दिवस संध्याकाळी घरी आले तर गच्चीत काय नाय. बोळात बघते तर टावेलाखाली वैशूचे फ्रॉक, ओले, काळपट. आत्याबाईंनी गच्चीवरनं माझं वाळलेलं धुनं काढून आनलं, आन पुन्हा मशिनीत घातलं. शेवटच्या पान्यात. पायपुसन्याबरोबर. धुतलेले कपडे घान करून ठेवले. म्हनतात, घरातलं धुनं घरात झालं पाह्यजे. मी तो फ्रॉक हातात धरला, त्याच्यातनं काळं पानी माझ्या कोपरापर्यंत आलं, आन माझ्या आंगावर जो काटा आला, काय सांगू. दवाखान्यातल्या कुठल्याच चादरीनं मला तसं नाय झालं. घान आसते, धुतली की जाते. पन चांगलं धुतलेलं लेकराचं कापड उचलून मुद्दाम गटारात घालायचं, ती घान कशानं जानार? मी मोरीत जाऊन ओकले. पयल्या दिवसासारखी.

दुसऱ्या दिवशी नळाला पानी आलं तवा मी मशिनीपाशी व्हते. नवं पानी भरलं, पुरं भरलं. बेताची पावडर, ढवळून विरघळवली. आन त्यात नुसते वैशूचे कपडे. बाकी काय नाय. बटन फिरवलं. ताई, त्या मशिनीत इतक्या वरसांत मी पयल्यांदा कपडे फिरताना बघितले. वर यायचे, बुडायचे, पुन्हा वर. तेवढ्यात आत्याबाई आल्या. त्यांनी बघितलं आन जी सुरुवात केली! घरात आवदसा आली, म्हाताऱ्याच्या जिवावर उठली, काय नाय ते. माझं काय डोकं फिरलं म्हाईत नाय, मी मशिनीला पाठ लावून उभी राह्यले, दोन्ही हात मागं. मशीन कमरेला थरथर लागत व्हती. म्हनलं, आज पहिलं पानी माझ्या पोरीचं. हे झाल्याशिवाय कोनी हात लावायचा नाय. ज्याला घाई आसंल त्यानं गंगेवर जावं. आत्याबाईंनी हातातलं धुनं माझ्या आंगावर फेकलं. मामंजींचा पायजमा येऊन माझ्या डोक्यावर पडला, लोंबतोय नाकावर, पन मी हात काढले नाय मागचे. तसंच पायजम्यातून बोलत व्हते. आता हसू येतं, तवा नाय आलं.

सगळे जमले. मामंजी म्हनले, बायकांच्या उरलेल्या पान्यात धुतलेलं मी आंगाला लावनार नाय. मी म्हनलं, मामंजी, नातवाच्या हागल्या दुपट्याबरोबरचं चालतं का देवाला? पयल्यांदा बोलले मी त्यांच्यापुढं. हे दारात उभे, एकदा आईकडं बघतात, एकदा माझ्याकडं. बापू पुढं आला, म्हनला, वहिनी, बाजूला व्हा, मशीन कोनाची हाय? मी म्हनलं, तुझी तर नक्कीच नाय, तुझ्या सासऱ्याची हाय. तवा सुरेखा आली. मला वाटलं ही बोलंल माझ्या बाजूनं, तिला पन तर तेच काळं पानी, तिच्या पन काखेत पुरळ आलेलं मी बघितलेलं व्हतं. ती सरळ भिंतीपाशी गेली आन पिन काढली. म्हनली, मशीन माझ्या बापाची. हिच्यावरनं घरात भांडनं व्हत आसतील तर कोनाचंच धुनं नको. आन त्या दिवसापासून मशीन बंद. तिच्यावर चादर टाकली, चादरीवर कसल्या कसल्या बरन्या, कांद्याची टोपली. आसल्या बाईला काय म्हनावं? एका शब्दाचं काम व्हतं, तर तिनं पिनच काढली. मला त्या येळी तिची लय किळस आली, आजून गेली नाय पुरती.

पन ऐका गंमत. मशीन बंद झाली म्हनल्यावर आख्ख्या घराचं धुनं कोनावर आलं? माझ्यावर. आत्याबाईंना वाटलं चांगली जिरली हिची. आन मला मनातून आसं झालं की आता साबन माझ्या हातात, बादली माझ्या हातात. कोनाचं आधी आन कोनाचं मागं ते मी ठरवनार. पहाटे वैशूचं नव्या पान्यात, मंग मामंजींचे पांढरे नव्या पान्यात, मंग लुगडी, मंग बाकी, दुपटी आधी गार पान्यात येगळी. बापूला सांगितलं, तुझ्या प्यान्टी मी हातात घेनार नाय, गॅरेजवर राकेल आसतं, तिथं धुवून आन. आनायला लागला मुकाट्यानं. हात फुटले माझे, तिकडं दवाखाना, इकडं हे, नखांच्या कडेनं रक्त यायचं. पन वैशूची पाठ बरी झाली. महिनाभरात शाळेतल्या पोरी बाकावर बसायला लागल्या. मामंजी सकाळी पायजमा आत्याबाईंकडं द्यायच्या ऐवजी माझ्या हातात आनून द्यायला लागले. आत्याबाई मातर शेवटपर्यंत म्हनत राह्यल्या, हिनं मशीन खाल्ली. पुढं बापू येगळा राहायला गेला, मशीन त्याच्याबरोबर गेली. मामंजी गेले, मंग आत्याबाई. त्यांचं शेवटचं सगळं मीच केलं, नव्या पान्यातच केलं, त्याचं काय कौतुक नाय. मला दुसरं येतच नाय.

आता वैशूचं लगीन होऊन दीड-दोन वरसं झाली. देवळाली कॅम्पात राहते, जावई चांगला हाय, घरात मशीन हाय, समोरून काचेचं दार आसतं ना ती. मुलगी झाली तिला. बाळंतपन माझ्याकडंच झालं, आता परत गेली. मी सुट्टीच्या दिवशी जाते, कधी मुक्कामाला राहते. डूटीचे कपडे मी दवाखान्यातच बदलते, तिथंच ठेवते, घरच्या कपड्यांना कधी लागू देत नाय, हे मी सांगायची गरज नाय. तर परवा गेले व्हते, मुक्कामाला राह्यले, सकाळी आंघोळ करून साडी धुवायला टाकायला गेले. वैशू मशीन भरत व्हती. मी साडी पुढं केली तर म्हनली, आई, तुझी नको टाकू ह्यात, बाळाचे हायेत. दवाखान्याची हाय ती. मी म्हनलं, अगं ही घरची, डूटीची न्हवं, मी तिथं बदलून येते, तुला म्हाईत नाय का. तर म्हनली, तरी पन.

तरी पन. एवढंच बोलली ती. मला आसं झालं की कोनी तोंडात मारली. जिच्यासाठी मी घर आंगावर घेतलं, तिला माझ्या धुतलेल्या हाताची घान वाटते. लय वाईट वाटलं ताई, नाय कशाला म्हनू. साडी परत पिशवीत घातली. तिनं आपली मशीन लावली. मी तिथंच खाली बसले, काचेतनं बघत. आत नुसती बाळाची झबली आन दुपटी, चार कपडे, आन मोकळी मशीन, मोकळं पानी. जावयाचे हापिसचे शर्ट बाहेर टोपलीत, तिच्या सासूचं लुगडं टोपलीत, तिची स्वतःची साडी टोपलीत. सगळी मागं थांबलेली. घरात सगळ्यांना तेच बरोबर वाटत व्हतं. मंग बाळ उठलं रडून. मी घ्यायला गेले तर वैशू म्हनली, आई, आधी हात धू. धुतले. पुन्हा धुतले, साबन लावून, कोपरापर्यंत. मंग तिनं दिली माझ्या मांडीवर. तेल लावायला उघडी केली, पाठीवरनं हात फिरवला. एक पुळी नाय हो ताई. एक सुदिक नाय. तशीच राहू दे रे देवा तिला, माझी साडी मी धुते माझ्या घरी.